डॉल्फिनच्या काळजातला पारा

भंडारदऱ्याच्या वर, घाटघरच्या कोकणकड्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेत येतो. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ, १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, रंधा धबधबा, अकोले, संगमनेर असे करीत तो नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीत मिसळतो आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. कड्याच्या पलीकडे पडलेला थेंब एका उडीत कोकणात उतरतो. शहापूर तालुक्यातला शाई नाला, मग काळू-भातसाचे खोरे, मग कल्याणजवळ उल्हास नदी आणि शेवटी अरबी समुद्र. पहिल्याला हजार किलोमीटरहून अधिक चालावे लागते, दुसऱ्याचा प्रवास त्याच्या एक दशांशाच्या आसपास संपतो.

आमच्या भागातला माणूस पूर्वेकडे तोंड करून जगतो. धरण तिकडे, कालवे तिकडे, तालुका तिकडे. पाण्याची भांडणेही तिकडचीच. मीही अनेक वर्षे प्रवरेच्याच मागे होतो. माझ्याकडे विज्ञानाची पदवी नाही. जुनी गॅझेटियरे, धरणांचे अहवाल आणि मिळतील ते शोधनिबंध शब्दकोश हाताशी घेऊन वाचायचे आणि नद्यांच्या काठाने पायी हिंडायचे, एवढीच माझी पद्धत. त्या वाचनात पश्चिमेकडच्या थेंबाचा माग काढत गेलो, तेव्हा तो थेंब मला थेट डॉल्फिनपर्यंत घेऊन गेला. कोकणातले मच्छीमार ज्याला गादा म्हणतात, तोच हा प्राणी. सह्याद्रीच्या माथ्यावर बसून समुद्रातल्या गाद्याविषयी लिहिण्याचे कारण पाण्याची ही वाट आहे, आणि त्या वाटेवर एके ठिकाणी नदीत मिसळलेला पारा.

अमृतवाहिनीच्या शेजारी

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताचे वाटप नेवाशाला मोहिनीने केले, अशी आपल्याकडची कथा आहे. तिथे मोहिनीराजाचे देऊळ आहे, आणि राहुरी हे नावही लोक राहूशी जोडतात. दिवाळीत धनत्रयोदशीला आपण समुद्रातून वर आलेल्या धन्वंतरीची पूजा करतो. पण कथेचा क्रम असा आहे की अमृत शेवटी आले, हलाहल आधी. ते कुणीतरी गिळावे लागले आणि ते गळ्यातच राहिले. गिळणाऱ्याने ते नाहीसे केले नाही, फक्त एका जागी अडवून धरले. पुढे जे सांगायचे आहे ते जवळजवळ तसेच आहे, म्हणून ही कथा इथे आठवली.

पारा आपल्याला परका नाही. रसशास्त्राचा सगळा डोलारा पारदावर उभा आहे. त्या शास्त्राचे मुख्य सूत्र असे की मोकळा पारा घातक; त्याला बांधला पाहिजे. पारा आणि गंधक खलात घोटत राहिले की दोन्ही एकजीव होऊन काळी कज्जली तयार होते. निसर्गात हेच दोन पदार्थ एकत्र येऊन तांबडा हिंगूळ होतो, आणि जगातला बहुतेक पारा या हिंगुळातूनच काढला गेला. जुन्या औषधांचा गुण-अवगुण हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी पडत नाही. मात्र पारा सुटा असला तर त्याची वागणूक वेगळी आणि बांधला गेला तर वेगळी, ही गोष्ट त्या वैद्यांनी ओळखली होती, एवढे खरे. विसाव्या शतकातल्या कारखानदारीने पारा सुटा वापरला आणि सुटाच सोडला.

कोकणात पारा आला कसा

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कल्याणच्या आसपास, शहाड-मोहने-अंबिवलीच्या पट्ट्यात, रेयॉनचे उद्योग उभे राहिले. उल्हास आणि काळू या दोन नद्यांचे मुबलक पाणी, रेल्वे आणि मुंबईची बाजारपेठ ही त्यामागची सरळ कारणे. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला कृत्रिम रेशमी धागा. लगदा विरघळवायला कॉस्टिक सोडा लागतो आणि तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून करतात. त्या काळच्या पद्धतीत या विजेच्या टाकीच्या तळाशी पाऱ्याचा वाहता थर असे. मिठातला सोडियम पाऱ्यात उतरायचा, पुढच्या टाकीत पाण्याशी मिळून त्याचा कॉस्टिक सोडा व्हायचा आणि पारा पुन्हा पहिल्या टाकीकडे परतायचा.

कागदावर पाहिले तर यात पारा खर्चच होत नाही, तो फक्त फिरत राहतो. प्रत्यक्षात दर फेरीला थोडा वाफेबरोबर जातो, थोडा मिठाच्या गाळात आणि थोडा सांडपाण्यात. कारखाना चालू ठेवायला अधूनमधून नवा पारा भरावा लागे. म्हणजे जेवढा भरला जाई, तेवढा कुठेतरी गेलेला असे. रेयॉनच्या धाग्याला ज्या आम्लाच्या कुंडातून ओढतात त्यात जस्ताचे क्षारही असतात, त्यामुळे जस्तही पाण्यात जाण्याची सोय होती. वर घाटातून येणारी काळू भातसाला सोबत घेऊन टिटवाळ्यापर्यंत गावाकडची नदी असते. त्याच्या खाली काही कोसांतच ती कारखान्यांची नदी होते.

त्या काळाला आजच्या कायद्याने मोजणे बरोबर नाही. पाणी दूषित करण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. केंद्राचा कायदा १९७४ साली आला. त्याआधी नदी म्हणजे वाहून नेणारी मोलकरीण, असाच सर्वांचा समज होता. अभियंते म्हणत, पाणी भरपूर आहे, विरघळून जाईल. साखर किंवा मीठ टाकले तर तो हिशेब बरोबर ठरला असता. पाऱ्याच्या बाबतीत तो किती चुकतो, हे जपानमधल्या एका गावाला त्याच वर्षांत कळत होते.

मिनामाता

क्युशू बेटावर शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे मच्छीमारांचे गाव. तिथे चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवत होता आणि त्यासाठी पाऱ्याचा क्षार वापरत होता. पन्नाशीच्या दशकात गावातली मांजरे विचित्र वागू लागली. ती गोल गोल फिरत, अंग झाडत, समुद्रात पडून मरत. मग माणसांची पाळी आली. एप्रिल १९५६ मध्ये सहा वर्षांच्या आतली एक मुलगी कारखान्याच्याच दवाखान्यात आणली गेली. तिला चालता-बोलता येईनासे झाले होते. दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी अशा रोग्यांची माहिती आरोग्य कार्यालयाला दिली. ही तारीख मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाची मानतात.

पुढची तीन वर्षे कारण शोधण्यात गेली. कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनी १९५९ साली बोट ठेवले ते सेंद्रिय पाऱ्यावर. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. प्रयोगाच्या वहीत त्याचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरमध्ये सांडपाणी शुद्ध करण्याचे एक यंत्र समारंभाने सुरू झाले, पण ते पारा काढण्यासाठी बनवलेलेच नव्हते. त्याच महिन्यात रोग्यांशी ‘सहानुभूतीच्या रकमे’चा करार झाला आणि त्यात पुढे जास्त काही मागणार नाही, अशी अट घातली गेली. पाऱ्याचा वापर थांबला १९६८ च्या मे महिन्यात आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. शोधापासून कबुलीपर्यंत बारा वर्षे गेली. होसोकावांनी मांजर क्रमांक ४०० ची साक्ष न्यायालयासाठी दिली ती १९७० साली, रुग्णशय्येवरून.

या बारा वर्षांतली एक गोष्ट मला सर्वांत जास्त शिकवून गेली. आईच्या अंगावर रोगाची फारशी खूण नसताना तिचे बाळ मात्र जन्मापासून अपंग निघे. गर्भाला वार राखते, विष आत जाऊ देत नाही, असा तेव्हाच्या वैद्यकाचा समज होता. जपानी घरांत बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा छोट्या पेटीत जपून ठेवण्याची रीत आहे. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी घराघरांतून त्या पेट्या मिळवल्या आणि नाळा तपासून घेतल्या. त्यांत मिथिल पारा सापडला. कोणत्या साली जन्मलेल्या बाळाच्या नाळेत किती, हे मांडले तेव्हा कारखान्याचे उत्पादन आणि नाळेतला पारा यांचे चढउतार बरोबरीने चाललेले दिसले. कंपनीच्या कागदांनी जे लपवले, त्याची नोंद आयांनी कपाटात जपून ठेवली होती. आपल्याकडे नाळ पुरतात. ‘माझी नाळ इथे पुरली आहे’ असे आपण अभिमानाने म्हणतो. जपानमध्ये ती जपली, म्हणून इतिहास हाती लागला.

चिखलातली करामत

कल्याणच्या कारखान्यात वापरला जाणारा पारा आणि मिनामातातला मिथिल पारा एकच नव्हेत. चिस्सोच्या प्रक्रियेत मिथिल पारा कारखान्यातच तयार होत असे. कॉस्टिक सोड्याच्या टाकीतून येतो तो साधा, धातुरूप पारा. तो गिळला तरी आतड्यात फारसा शोषला जात नाही. म्हणून कित्येक देशांतले कारखानदार निश्चिंत होते. ही निश्चिंती १९६९ साली संपली. येन्सेन आणि येर्नेलोव या स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की पाण्याच्या तळच्या गाळातले सूक्ष्म जीव साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. प्राणवायू नसलेला काळा, कुजका चिखल हे त्यांचे आवडते ठिकाण. आपल्या खाड्यांत, तिवरांच्या मुळाशी, असा चिखल भरपूर आहे.

मिथिल पारा प्रथिनांना चिकटतो. तेलातून किंवा रश्श्यातून तो निघून जात नाही. मासा धुतला, तळला, वाळवला तरी तो मांसातच राहतो. माणसाच्या आतड्यातून तो जवळजवळ सगळाच रक्तात जातो, आणि शरीरातला निम्मा बाहेर पडायला दीड ते अडीच महिने लागतात. खाणे रोजचे असेल तर निघण्यापेक्षा साठणे जास्त होते.

आता शिडी चढत जाऊ. गाळातून सूक्ष्म वनस्पती व जीव, त्यांना खाणारा जवळा, जवळ्याला खाणारी लहान मासळी, तिच्यावर मोठी मासळी, आणि सर्वांत वर डॉल्फिन, मुशी आणि माणूस. प्रत्येक पायरीवर खाणारा आपल्या आयुष्यात खालच्या पायरीवरचे हजारो जीव खातो. त्यांचे मांस त्याच्या शक्तीसाठी जळून जाते, पारा मात्र मागे राहतो. पाण्यात मोजायलाही कठीण असलेला पारा सर्वांत वरच्या पायरीवर लाखो पटींनी जास्त निघतो तो असा. नदी विरळ करते आणि देह गोळा करतो. अभियंत्यांच्या हिशेबात देह धरलेलाच नव्हता.

गाद्याचे शरीर

आपल्या किनाऱ्याला अगदी लागून राहणारा डॉल्फिन म्हणजे हिंदी महासागरी कुबड्या डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर, म्हणून हे नाव. तो खोल समुद्रात जात नाही. खाड्यांची मुखे आणि किनाऱ्यालगतचे उथळ पाणी हेच त्याचे घर. म्हणजे नदीने आणलेले सर्व काही जिथे उतरते, तिथेच तो जेवतो. तो कित्येक दशके जगतो, मादीला दर काही वर्षांनी एकच पिल्लू होते, आणि जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. दीर्घ आयुष्य, मासळीचाच आहार, खाडीपाशी वस्ती आणि थोडी पिल्ले: जड धातूंना बळी पडण्यासाठी लागणाऱ्या चारही गोष्टी त्याच्यात एकत्र आल्या आहेत.

जगभर डॉल्फिनच्या मृत शरीरांवर झालेल्या कामातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, पारा वयाबरोबर वाढतो. जपानच्या एहिमे विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात पट्टेरी डॉल्फिनवर हे दाखवले. डॉल्फिनचे वय त्याच्या दातावरून कळते. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दातात थर असतात. एका दातावरून वय आणि काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, एका तुकड्यावरून पारा. एवढ्यावर त्या प्राण्याने किती वर्षांत किती विष गिळले याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. १९८० साली मार्तोजा आणि बेरी या फ्रेंच संशोधकांनी डॉल्फिनवर्गीय प्राण्यांच्या यकृतात अतिसूक्ष्म काळे कण ओळखले. ते पारा आणि सेलेनियम यांच्या संयुगाचे होते. हेच संयुग खाणींत खनिज म्हणून मिळते. सेलेनियम हा गंधकाचा सख्खा भाऊ. मूलद्रव्यांच्या तक्त्यात तो गंधकाच्या बरोबर खालच्या घरात बसतो. म्हणजे मासळीतून आलेला मिथिल पारा डॉल्फिनचे यकृत फोडते आणि सेलेनियमशी बांधून त्याचा दगड करते. वैद्य खलात पाऱ्याची कज्जली करत, तसेच काहीसे काम हा प्राणी आपल्या काळजात करतो. विष नाहीसे होत नाही, अडवले जाते. मोठ्या डॉल्फिनच्या यकृतात पारा प्रचंड असूनही तो पोहताना दिसतो, त्याचे एक कारण हे.

यावरून डॉल्फिन सुखरूप आहे असे कुणी म्हणू नये. सेलेनियम शरीराला इतर कामांसाठीही लागते. पाऱ्याला बांधण्यात गेलेले तिकडे उरत नाही. बांधण्याचे काम यकृताचे आहे, मेंदूपर्यंत पोचलेल्या मिथिल पाऱ्याचे काय? आणि पोटातल्या पिल्लाकडे वारेतून जातो तो न बांधलेला, सुटा पाराच. पाऱ्याच्या जोडीला माखल्या-म्हाकुळांतून येणारे कॅडमियम असते, ते मूत्रपिंडात साठते.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. पाटण्याजवळच्या गंगेतल्या डॉल्फिनमधील जड धातू आणि कीटकनाशके यांवर भारतीय व जपानी संशोधकांनी मिळून केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाटण्याचे रवींद्र कुमार सिन्हा होते. ज्या गंगेच्या डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचर ठरवले गेले, त्याच्या देहात सोळा वर्षे आधीच नदीचा जमाखर्च वाचला गेला होता.

खाडीचा गाळ काय सांगतो

आता पुन्हा उल्हासकडे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर १९८१ साली शोधनिबंध लिहिला. पुढे २००३ मध्ये राम, रोकडे, बोरोळे आणि झिंगडे यांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळावर मोठे काम प्रसिद्ध केले. गाळात नळी खुपसून उभा गाभा काढायचा आणि थराथराने मोजायचे, ही त्याची रीत. वरचा थर आजचा, खालचा आजोबांच्या काळचा. सर्वांत खाली कारखान्यांच्या आधीचा काळ लागतो, तिथे पारा निसर्गात असतो तेवढाच. त्यावरच्या थरांत तो चढतो, आणि खाडीच्या आतल्या, कारखान्यांजवळच्या भागात समुद्राकडच्या भागापेक्षा जास्त असतो. मिनामातात नाळांनी जे सांगितले, ते इथे गाळाने सांगितले. इतिहास लिहिणाऱ्याला यापेक्षा प्रामाणिक दप्तर मिळणार नाही. त्यात खाडाखोड करता येत नाही आणि ते कुणाच्या परवानगीशिवाय भरत राहते.

यानंतर बदल झाला, तोही नोंदवला पाहिजे. पाऱ्याच्या टाक्यांऐवजी पडद्याच्या टाक्या वापरून कॉस्टिक सोडा करण्याचे तंत्र आले. २००३ साली केंद्र सरकार आणि उद्योग यांच्यात ठरलेल्या सनदेनुसार देशातल्या कारखान्यांनी २०१२ पर्यंत पारा सोडायचा होता. मिनामाताच्याच नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि भारताने तो २०१८ च्या जूनमध्ये स्वीकारला. अंबिवलीचा मोठा रेयॉन कारखाना तर २००९ मध्येच बंद पडला. हजारो कामगारांच्या घरात त्या बंदीचे दुःख वेगळेच.

पण नळ बंद केला म्हणून जमिनीवर सांडलेले पाणी पुसले जात नाही. गाळ तिथेच आहे. जपानने मिनामाताच्या उपसागरातला सुमारे पंधरा लाख घनमीटर गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसला आणि ५८ हेक्टरचा भराव घालून तो झाकला. आपल्या खाड्यांत पूल, जेट्या, भराव आणि रेतीउपसा यांनी गाळ ढवळला जातो. जुना थर वर आला की जुना पारा पुन्हा त्या सूक्ष्म जीवांच्या हाती लागतो आणि शिडी पहिल्या पायरीपासून परत सुरू होते.

पाटावरचा प्रश्न

हे सगळे घाटावरच्या माणसापर्यंत पोचते कसे? राजूरच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीची दुकाने लागतात. महादेव कोळी आणि ठाकर घरांत पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट-बोंबील घेतले जातात. एका विक्रेतीला मी विचारले, ‘‘मावशी, ही सुकट कुठची?’’ ती म्हणाली, ‘‘खालचीच की, दादा. वसईकडची. समुद्र काय आपल्या घाटात हाय का?’’ समुद्र घाटात नाही, पण त्याची मासळी पोत्यातून घाट चढते. घाटघरचा उदंचन वीजप्रकल्पही जपानच्याच कर्जावर उभा राहिला आणि २००८ पासून त्यात खालचे पाणी पंपाने सुमारे चारशे मीटर वर येते. आमच्याकडे खालचे पाणी वर येणे ही नवलाई उरलेली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर गरिबाच्या ताटातले कालवण उगाच बदनाम व्हायचे. सुकट, जवळा, तारली, मांदेली ही शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरची, थोडे दिवस जगणारी मासळी आहे. तिच्यात पारा साठायला वेळच मिळत नाही. काळजी आहे ती मोठ्या आणि दीर्घायुषी शिकारी माशांची. मुशी, जिला मालवणकडे मोरी म्हणतात, ती त्यांतली पहिली. दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला मोरीचे कालवण देण्याची आपल्या किनाऱ्यावर रीत आहे. ती मायेने पडलेली रीत आहे, आणि ती पडली तेव्हा समुद्रात कारखान्यांचा पारा नव्हता.

हिशेब आपण स्वतः करू शकतो. जागतिक आरोग्य आणि अन्न संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथिल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली, ती गर्भातल्या बाळाचा विचार करून. ६० किलोच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मिथिल पारा असेल, तर १९२ ग्रॅममध्ये ही मर्यादा संपते. म्हणजे दोन मध्यम तुकडे. मोठ्या शिकारी माशांत हे प्रमाण याच्या दुप्पटही असू शकते. मग एकच तुकडा.

फेरो बेटांवरचे लोक शतकानुशतके पायलट व्हेल खात आले. नावात व्हेल असले तरी तो डॉल्फिनच्याच कुळातला. पाल वाइहे आणि फिलिप ग्रांजाँ यांनी तिथल्या १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा माग ठेवला. मुले सात वर्षांची झाल्यावर केलेल्या चाचण्यांत, गर्भात असताना ज्यांना जास्त पारा मिळाला होता ती लक्ष, भाषा आणि स्मरण यांत मागे पडलेली दिसली. मुले आजारी नव्हती. शाळेत जात होती, खेळत होती. नुकसान असे होते की मोजल्याशिवाय दिसूच नये. २००८ साली तिथल्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी हे मांस खाऊ नये असा सल्ला दिला. एका जमातीच्या शेकडो वर्षांच्या रीतीवर प्रश्नचिन्ह उभे राहिले, त्यांचा काहीही दोष नसताना.

मेलेल्या गाद्याकडून

आपण डॉल्फिन खात नाही. मच्छीमार जाळ्यात आलेल्या गाद्याला बऱ्याचदा सोडून देतात, काही ठिकाणी हात जोडतात. त्यामुळे त्याच्या काळजातला पारा आपल्या ताटात येणार नाही. त्याचे महत्त्व वेगळे आहे. तो आपलीच मासळी खातो, आपल्याच खाड्यांच्या तोंडाशी, आणि आपल्यासारखाच पिल्लाला दूध पाजतो. जे आपल्या बाळंतिणीच्या ताटात कधीतरी पडते ते त्याच्या तोंडात रोज पडते. वीस-तीस वर्षांचा गादा म्हणजे वीस-तीस वर्षांच्या समुद्राची भरलेली वही.

दर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिन वाहून येतात. वर्तमानपत्रात फोटो येतो, लोक जमतात, वास येऊ लागतो आणि वाळूत खड्डा खणून तो पुरला जातो. पुरायलाच हवा. पण त्याआधी एक दात आणि काळजाचा एक तुकडा, नख्याएवढा, काढून थंड पेटीत ठेवायला फार मोठे यंत्र लागत नाही. दिवस, जागा, नर की मादी, लांबी किती, एवढे लिहिलेले लेबल त्यावर असावे. ग्रामपंचायतीचा सेवक, वनखात्याचा रक्षक, किनाऱ्यावरच्या महाविद्यालयातली मुले, कुणालाही हे शिकवता येईल. तपासणी आज झाली नाही तरी चालेल. मिनामातातल्या नाळाही कित्येक वर्षे पेट्यांत पडून होत्या, आणि ज्या आयांनी त्या ठेवल्या त्यांना आपण पुरावा ठेवतो आहोत याची कल्पना नव्हती. आपल्याला ती आहे, एवढाच फरक. नमुना न घेता पुरलेला प्रत्येक गादा म्हणजे न वाचता जाळलेले दप्तर आहे.